तीन हात राहिले

त्या घरात माझ्या हातून पहिला कप फुटला तेव्हा मी सुपली शोधायला धावले, तर अंकलनी मला दारातच अडवलं. "हलवू नकोस," ते म्हणाले. आतून टेप, पेन्सिल आणि वही घेऊन आले, दुखऱ्या गुडघ्यांवर बसले आणि कुठला तुकडा कुठे उडालाय ते शांतपणे मोजून घेतलं. मग सगळे तुकडे एका खाकी कागदी पिशवीत गेले. पिशवीवर चिठ्ठी लागली: मागचा व्हरांडा, भिंतीलगत, मंगळवार, कारण पुणेकर, म्हणजे मी. ती पिशवी अजून त्यांच्या गॅरेजमध्ये असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

मी तेव्हा सिडनीत नवी होते. क्वेकर्स हिलमध्ये त्यांच्या घरामागे एक ग्रॅनी फ्लॅट होता, तो मी भाड्याने घेतला. मोठं घर पुढे, माझी खोली आणि इवलंसं किचन मागे, मध्ये कपडे वाळत घालायचा फिरता खांब. कपडे धुण्याचं मशीन मात्र मोठ्या घरात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी माझं जाणं व्हायचं. अंकल मूळचे वसईचे, कॅथलिक, कौन्सिलच्या ऑफिसातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर गटारांचे आणि रस्त्यांचे नकाशे काढले, पण जीव सगळा दुसरीकडे. ऑस्ट्रेलियात आल्यावर त्यांनी चार वर्षं आपली सुट्टी खर्ची घालून जेरुसलेमच्या आसपासच्या टेकड्यांवर उत्खननात फुकट मजुरी केली होती. लोक सुट्टीत गोल्ड कोस्टला जातात, हे गृहस्थ उन्हात बसून ब्रशने माती झाडायला जायचे.

घरीही तेच. कमरेला कायम एक छोटी थापी. जेवणानंतर टेबलावरचे बिस्किटांचे कण ब्रशने एका दिशेने गोळा करायचे. मागच्या अंगणात मीटरभर लांब, मीटरभर रुंद असा चौकोनी खड्डा, कडा अगदी सुरीने कापल्यासारख्या सरळ. शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून विचारायचा, "पूल खणतोयस का, मेट?" अंकल त्याला गंभीरपणे सांगायचे की आत्ता आपण मागच्या घरमालकाच्या थरात आहोत, बाटल्यांची झाकणं बरीच सापडतायत, बहुधा आनंदी माणूस असावा. "नो वरीज," म्हणून शेजारी आत जायचा.

आंटींना मी तेव्हा जेमतेम महिनाभरच पाहिलं होतं. ठेंगण्या, ठसठशीत, बोलायला चटपटीत. अंकल जितके पुराव्याशिवाय पाऊल न टाकणारे, तितक्याच या बिनधास्त श्रद्धावान. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "हा देवाला मातीत शोधतो. मी त्याला किचनमध्ये भेटते. कोणाला लवकर सापडतो ते तूच बघ." किचन हा त्यांचा गड होता. एकदा म्हणे अंकलनी त्यांचे मसाले अक्षरांच्या क्रमाने लावून दिले होते, तर त्या दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

फेब्रुवारीत त्या पाच आठवड्यांसाठी वसईला गेल्या, भाच्याचं लग्न होतं. लग्न झालं आणि साथीमुळे विमानं बंद झाली.

सुरुवातीला कोणालाच काही वाटलं नाही. महिनाभरात उघडेल, असं सगळेच म्हणत होते. मग तिकीट मिळायचं आणि रद्द व्हायचं, यादीत नाव लागायचं आणि मागे पडायचं. त्यातून आंटींची आई नव्वदीला टेकलेली, तिला सोडून निघायचं तरी कसं, असंही होतं. या सगळ्यात अंकल काय म्हणायचे? "थांबा." हा त्यांचा लाडका शब्द. पुरावा अपुरा असेल तर थांबा, चहा गरम असेल तर थांबा, सरकार बावचळलं असेल तरी थांबा.

आंटी इथल्या मराठी कॅथलिक मंडळींची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालवायच्या. वसईतून त्या स्क्रीनवर तीच चालवू लागल्या, आणि शेवटची दहा मिनिटं त्यांनी नवऱ्याला उत्खननाच्या गोष्टी सांगायला देऊन टाकली. त्याला काहीतरी काम हवं म्हणून, असं मला नंतर कळलं. ती दहा मिनिटं मी हिंदू असूनही कधी चुकवली नाहीत. अंकल कॅमेऱ्याच्या फार जवळ बसायचे, त्यामुळे सगळ्यांना त्यांची फक्त हनुवटी आणि टेप दिसायची.

यरीहोची गोष्ट मला नीट आठवते. यहोशवाचे लोक शहराभोवती सात दिवस फिरले, कर्णे वाजले आणि भिंत कोसळली, हे बायबलमधलं सगळ्यांनाच पाठ. अंकलनी सांगितलं की भिंत सापडलीय, पडलेलीही सापडलीय, फक्त ती यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या कितीतरी आधी पडलेली दिसते. ब्लॅकटाउनच्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे अंकल, बायबल खोटं?"

"मी खोटं म्हटलं का? तारीख जुळत नाही म्हटलं. त्यांची चुकली असेल, आपली चुकली असेल. थांबा."

"किती थांबायचं?"

"माती घाईत नसते, डॉक्टर."

वसईहून आंटी कडाडल्या, "त्याचं मनावर घेऊ नका. लग्नाच्या वेळी माझ्या जन्मतारखेचाही दाखला मागितला होता याने!" मग सगळेच हसले आणि प्रार्थना पुढे सरकली.

पण जिथे पुरावा पक्का असे तिथे हाच माणूस लहान मुलासारखा खुलायचा. उत्तरेत एका जागी फुटक्या दगडावर दावीदच्या घराण्याचा उल्लेख सापडला, तो कोणा शत्रू राजाने स्वतःच्या विजयाची बढाई मारताना केलेला. अंकलना याचंच कौतुक. "भक्ताने लिहिलं असतं तर मी दहा वेळा तपासलं असतं. शत्रूला दावीदचं नाव फुकट वाढवायची काय गरज?"

आणि त्यांचा जीव की प्राण म्हणजे जेरुसलेमचा बोगदा. वेढा पडणार म्हणून हिज्कीया राजाने झऱ्याचं पाणी शहरात आणलं, असं बायबल सांगतं. तो बोगदा खरोखर आहे. डोंगराखालून, नागमोडी, दोन्ही टोकांकडून खणत आणलेला. आत भिंतीवर एक लेख कोरलेला सापडला, आणि त्यात राजाचं नावच नाही. आहे ते कामगारांचं. शेवटचे तीन हात दगड उरला होता तेव्हा एका बाजूच्या माणसाला दुसऱ्या बाजूच्या माणसाची हाक ऐकू आली, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी वाहू लागलं, एवढंच. लेख पुढे कोणीतरी भिंतीतून कापून काढला आणि तो दुसऱ्याच देशातल्या संग्रहालयात गेला. हे सांगताना अंकलचा आवाज दर वेळी चढायचा. "जागेवरून हललं की मुकं होतं!" हे त्यांचं दुसरं लाडकं वाक्य.

त्या बोगद्यातून ते दोघं एकदा चालत गेले होते. गुडघाभर गार पाणी, अंकल पुढे टॉर्च घेऊन भिंतीवरचे कुदळीचे घाव वाचत, आणि आंटी मागून त्यांचा शर्ट घट्ट धरून येशूचा धावा करत. तेव्हापासून नवरा-बायकोत एक बोलणं ठरून गेलं होतं. आता ते रोजचं झालं. संध्याकाळी फोन लागला की आधी दोघं त्यांच्या वसईच्या बोलीत भराभर बोलायचे, ती मला निम्मीच कळायची, पण शेवट मला कळायचा. आंटी विचारायच्या, "किती हात राहिले?" अंकल म्हणायचे, "तीनच." तिकीट मिळालं तरी तीन, रद्द झालं तरी तीन.

आता माझा पराक्रम सांगते. मोठ्या घरातल्या किचनच्या दाराला गुडघ्याइतक्या उंचीवर एक पांढरी दोरी बांधलेली होती. शेजारणीचं मांजर आत येऊ नये म्हणून असेल, असं मी आपलं समजून चालले होते. अंकल स्वतः गॅरेजमध्ये एका शेगडीवर काहीबाही उकडून खायचे. मला वाटायचं, बायको नाही म्हणून माणूस आळसावला. ऑक्टोबरात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, दोन रात्री हॉस्पिटलात. दिवाळी तोंडावर आलेली. मी पुण्याची, दिवाळीआधी घर घासून काढलं नाही तर मला झोप लागत नाही. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला घरी आल्यावर बरं वाटेल. दोरी ओलांडली आणि आत शिरले.

आठ महिन्यांची धूळ होती. ओट्यावर दोन कप, त्यांच्या तळाशी चहाचा वाळलेला डाग. उलटं टाकलेलं फडकं. अर्धवट उघडा ड्रॉवर. मी सगळं घासलं, पुसलं, कपाटातली भांडी उंचीप्रमाणे लावली. खिडकीत एक तपकिरी बिअरची बाटली होती, तिच्यात अर्ध्यापर्यंत लाल मसाला दाबून भरलेला. वसईकडे वर्षाचा मसाला उन्हाळ्यात कुटून असा बाटल्यांत ठासून ठेवतात हे मला काय माहीत? मी तो मोठ्या कष्टाने काठीने उकरून काचेच्या सुंदर बरणीत काढला, बरणीवर नाव लिहिलं आणि बाटली रिसायकलिंगच्या पिवळ्या झाकणाच्या डब्यात टाकली.

अंकल आले, पोट धरून हळूहळू चालत. दोरीपाशी थांबले. माझी अपेक्षा शाबासकीची. ते बराच वेळ नुसते बघत राहिले, एकदा इकडून, एकदा तिकडून. चेहरा इतका उतरला की मला वाटलं टाके दुखतायत.

"कप कुठे आहेत?"

"धुतले ना, अंकल. कपाटात."

"कान कुठल्या बाजूला होते, आठवतं?"

मला अर्थातच आठवत नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि रागावण्याऐवजी मला एक गोष्ट सांगितली. उत्खननाच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या थापीला रांजणाचा एक कान लागला होता. त्यावर राजाचा शिक्का, अक्षरं स्पष्ट, हिज्कीयाच्या काळातली असावीत अशी. आनंदाच्या भरात त्यांनी तो मातीतून उपटला आणि मुठीत धरून टेकडीवरून धावत वर नेला. तिथल्या मुख्य बाईंनी बघितला, छान आहे म्हणाल्या, आणि विचारलं, जळक्या थराच्या वर होता की खाली? अंकलना सांगता येईना. शत्रूने शहर जाळलं त्याच्या आधीचा की नंतरचा, सगळा प्रश्न तोच होता. बाई म्हणाल्या, मग आता हा नुसता कान आहे. उरलेले तीन आठवडे अंकल खापरं धूत बसले.

"वर की खाली, मला अजून माहीत नाही," ते म्हणाले. "तुझी आंटी नेहमी म्हणायची, तू माझ्या वस्तू हलवतोस. म्हटलं, या वेळी आल्यावर तिला सगळं जिथल्या तिथे सापडलं पाहिजे. एक चमचासुद्धा नाही हलवणार."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी रडायलाच लागले. तेव्हा अंकल उठले, गॅरेजमध्ये गेले आणि एक मोठा गुंडाळलेला कागद घेऊन आले. आंटी निघाल्या त्या सकाळचा किचनचा नकाशा. सवयीने काढला होता, ते प्रत्येक गोष्टीचा काढायचेच. कप, फडकं, ड्रॉवर, बाटली, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचं भिंतीपासूनचं अंतर. "नशीब तुझं, मी वेडा आहे," ते म्हणाले.

दोन रविवार आम्ही ते किचन परत मांडलं. मी आकडे वाचायचे, अंकल टेप धरून वस्तू ठेवायचे. बाटलीसाठी मी हातमोजे घालून पिवळा डबा उपसला आणि चमच्याच्या दांड्याने मसाला पुन्हा ठासून भरला. आंटींना फोनवर सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "अगं बरं केलंस पुसलंस ते! वेड्याच्या नादी लागू नकोस." धूळ तेवढी परत आणता आली नाही. अंकलनी वहीत तशी नोंद केली.

नकाशावर एकच गोष्ट उरली. गॅससमोर, जमिनीवर, एक छोटंसं वर्तुळ. त्याला नंबर नव्हता, फक्त दारापासूनचं अंतर लिहिलं होतं, एकशे पस्तीस.

"इथे काय होतं, अंकल?"

"ते राहू दे," ते म्हणाले आणि कागद गुंडाळला. पुढे माझ्या लक्षात आलं की काही नोंदायला किचनमध्ये शिरले की ते त्या जागेला वळसा घालून जातात. हळूहळू मीही घालायला लागले.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये वसईला जे व्हायचं ते झालं. आधी आंटींची आई गेली, मग आंटी आजारी पडल्या. इकडे भारतातून येणारी विमानंच सरकारने बंद केली. भाचा रोज दोन ओळी पाठवायचा: ऑक्सिजन लावलाय. आज तसंच आहे. आंटींना बोलता येत नव्हतं. संध्याकाळ व्हायची, फोनची वेळ यायची, आणि फोन टेबलावर तसाच पडून राहायचा. अंकलनी खुर्ची दोरीपाशी आणून ठेवली होती. थापी कमरेला नव्हती. मी डाळभात घेऊन जायचे, ते दोन घास खायचे, आणि रोझरीवाल्या मंडळींना काही सांगा म्हटलं तर नकारार्थी मान हलवायचे. एकदा डॉक्टरीणबाईंनी फोन करून विचारलं, काय म्हणतात तिकडचे? अंकल म्हणाले, "थांबा म्हणतात." आणि फोन ठेवून दिला.

सहाव्या की सातव्या दिवशी ते आपणहून बोलले. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले होते.

"ते वर्तुळ विचारलं होतंस ना तू. ती उभी होती तिथे. टॅक्सी बाहेर आलेली, तरी म्हणाली, निघता निघता घोट घोट चहा घेऊ. ती चहा करत होती आणि मी इथे दारात टेप घेऊन. सगळं मोजलं, म्हणून तिलाही मोजलं. एकशे पस्तीस सेंटीमीटर. परवा सहज हिशोब केला. कोपरापासून बोटांपर्यंतच्या जुन्या हाताने मोजलं तर किती होतात माहितीये? बरोबर तीन हात. चालत गेलो असतो तर दोन पावलं होती, पुणेकर. आणि मी मोजत बसलो."

मी त्यांच्या हाताला हात लावला आणि तशीच बसून राहिले. असा हळहळणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता, आणि मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

अकराव्या दिवशी फोन वाजला. अंकलनी स्पीकर लावला. पलीकडे आधी नुसता श्वास, मग घोगरा, ओळखू न येणारा आवाज.

"किती हात राहिले?"

अंकलनी फोन माझ्याकडे सरकवला. मीच ओरडले, "तीन, आंटी, तीनच!"

तरी पुढे सहा महिने गेले. इकडे सिडनी बंद, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची सोय नाही, तिकडे आंटींना जिना चढवेना. अखेर नोव्हेंबरात सीमा उघडल्या आणि त्यांना तिकीट मिळालं. या वेळी ते रद्द झालं नाही. एअरपोर्टला जायच्या दिवशी अंकल सकाळपासून टेप घेऊन किचनमध्ये. "तू जा गाडी घेऊन," मला म्हणाले, "साइट अशी सोडून जाता येत नाही." बायको एकवीस महिन्यांनी येतेय आणि हा माणूस साइट सोडत नाही! मी वैतागले, पण त्यांचा चेहरा बघून गाडीची किल्ली उचलली. घाबरले होते ते.

आंटी निम्म्या झाल्या होत्या, केस सगळे पांढरे. गाडीत मात्र तोंड सुरूच. घरापाशी आलो तर अंकल दारात उभे. त्यांनी बॅग घेतली, "आलीस?" म्हणाले आणि बाजूला सरकले. आंटींनी चपला काढल्या आणि सरळ किचनकडे गेल्या.

"हे काय? कुत्रं पाळलंय की काय?" दोरीकडे बघून त्या म्हणाल्या, पदर आवरून ती ओलांडली आणि आत जाऊन चारी बाजूंनी बघितलं. दोन कप, उलटं फडकं, अर्धा उघडा ड्रॉवर. "अरे देवा. ड्रॉवरसुद्धा नाही रे लावलास?" मग खिडकीतली बाटली हातात घेतली, तोंडापाशी नेऊन वास घेतला. "हिला कोणी हात लावला? नीट दाबलेला नाही मसाला."

मी मान खाली घातली. वर्षभर जपलेली आमची मांडामांड, आणि ही बाई अर्ध्या मिनिटात वर की खाली ते सांगून मोकळी झाली होती.

त्यांनी फडकं उचलून झटकलं, दोन्ही कप नळाखाली धरले, ड्रॉवर कमरेने ढकलून लावला. एकेक वस्तू जागेवरून हलत होती आणि दारात उभे असलेले अंकल एका शब्दाने अडवत नव्हते. पातेल्यात पाणी घालून त्या गॅससमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी जमिनीकडे पाहिलं. त्या नेमक्या तिथेच होत्या.

मग त्या वळल्या. दोरीपलीकडे नवरा, हातात टेप, डोळे भरून आलेले. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"किती हात राहिले?"

"तीन," अंकल म्हणाले.

"मग ये की."